स्त्री अभ्यास एका खोलीत कोंडू नका, परीक्षेच्या पेपरात आणा

सरकारी रोजगार पाहणीत ९२ नंबरचा एक कोड असतो. पाहणी करणारा माणूस दारात येतो, घरात कोण कोण काय काय करतं ते विचारतो, आणि बाईबद्दल 'काही नाही, घरीच असते' असं उत्तर आलं (हे उत्तर बऱ्याचदा ती देतच नाही, ओट्यावर बसलेला नवरा नाहीतर सासरा देतो) की तिच्या नावापुढे ९२ पडतं. म्हणजे फक्त घरकाम करणारी. घरकाम करून वर सरपण, रानभाजी, गुरांचा चारा गोळा करत असेल, घरातल्यांचे कपडे शिवत असेल तर ९३. दोन्ही कोड श्रमशक्तीच्या बाहेर. म्हणजे चारा आणणारी बाई ९३ मध्ये गेली की हिशोबात ती कामच करत नसते, आणि तो चारा खाल्लेल्या म्हशीचं दूध डेअरीला गेलं की ते मात्र देशाच्या उत्पन्नात धरलं जातं.

मी बी.ए. आणि बी.कॉम.च्या पोरांना अर्थशास्त्र शिकवते. राष्ट्रीय उत्पन्नाच्या धड्यात एक ओळ असते की गृहिणीचं काम ह्यात धरत नाहीत, आणि जोडीला पिगू ह्या अर्थशास्त्रज्ञाचा तो जुना दाखला, की एखाद्याने आपल्या पगारी घरकामवालीशी लग्न केलं तर राष्ट्रीय उत्पन्न कमी होतं. पोरं हसतात, पुढचा मुद्दा सुरू. ह्या ओळीवर कोणी थांबत नाही कारण तिला मार्क नाहीत. आकडे नाहीत असंही नाही हो. २०१९ ला केंद्र सरकारने देशभर टाइम यूज सर्वे केला, माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात ते अर्ध्या अर्ध्या तासाच्या हिशोबाने विचारलं, तर घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते आणि पुरुषांचे ९७. त्यातही मुळात त्या दिवशी घरकाम केलं असं सांगणाऱ्या बायका ८१ टक्के आणि पुरुष २६ टक्के, म्हणजे ती ९७ मिनिटंसुद्धा चौघांतल्या एकाचीच. २०२४ ला परत सर्वे झाला, २८९ आणि ८८. दोघांचं थोडं थोडं कमी झालं, मधलं अंतर होतं तिथेच आहे. एवढा मोठा सरकारी डेटा फुकट पडलाय आणि मॅक्रोच्या, म्हणजे देशाच्या एकूण अर्थव्यवस्थेच्या पेपरात त्याच्यावर एक प्रश्न येत नाही.

तर माझं म्हणणं असं आहे. बायकांच्या आयुष्याचा अभ्यास हा आपण विद्यापीठात एका वेगळ्या केंद्राचा, खरं सांगायचं तर एका खोलीचा विषय करून ठेवलाय आणि त्यामुळे बाकीच्या सगळ्या विभागांची छान सोय झालीये, काही विचारलं की 'ते तिकडे आहे ना, स्त्री अभ्यास केंद्रात'. तो तिकडे नको. म्हणजे तिकडेही हवा, पण अर्थशास्त्र, मेडिकल, लॉ, सिव्हिल, शेतकी, सगळ्यांच्या मुख्य पेपरात मार्कांसकट यायला हवा, आणि तो तिथे नेण्याचं काम करायला त्या केंद्रात कायमची माणसं हवीत. ह्यातलं एकच केलं तर ते टिकत नाही, ते का ते पुढे येतंच.

हा विषय मुळात एका खोलीसाठी जन्मलाच नव्हता. १९७१ ला केंद्र सरकारने देशातल्या स्त्रियांची परिस्थिती तपासायला समिती नेमली, फुलरेणू गुहा अध्यक्ष, वीणा मजुमदार सदस्य सचिव, आणि १९७४ च्या शेवटी तिचा 'टुवर्ड्स इक्वॅलिटी' हा रिपोर्ट आला. स्वातंत्र्याला सत्तावीस वर्षं झालेली, घटनेत समानता लिहिलेली, शिकलेल्या बायका नोकऱ्या करतायत, तेव्हा सगळ्यांना वाटत होतं की चित्र बरं असेल. निघालं काय, तर १९०१ ला दर हजार पुरुषांमागे ९७२ बायका होत्या त्या १९७१ ला ९३० वर आलेल्या. म्हणजे हक्कबिक्क नंतर, बायका आकड्यातूनच कमी होतायत. रोजगाराचं तर विचारूच नका, १९६१ च्या जनगणनेत जेवढ्या बायका कामगार म्हणून मोजल्या होत्या त्याच्या जवळपास निम्म्याच १९७१ ला उरल्या आणि त्याचं मोठं कारण हे की मधल्या काळात 'कामगार कोण' ह्याची व्याख्याच बदलली होती. एका व्याख्येने कोट्यवधी बायका कागदावरून बेरोजगारसुद्धा नाही, नुसत्या गायब. आता ही चूक कोणाच्या विभागाची म्हणायची? संख्याशास्त्राची, अर्थशास्त्राची, समाजशास्त्राची का प्रशासनाची? सगळ्यांचीच, म्हणून ती शोधायलाही सगळे लागले. वीणा मजुमदार राज्यशास्त्राच्या, समितीतल्या लोतिका सरकार कायद्याच्या. पुढे आयसीएसएसआरमध्ये (सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला पैसे देणारी केंद्राची परिषद) ह्या संशोधनाला पाठबळ मिळालं त्यात जे. पी. नाईकांचा मोठा वाटा होता, तेच आपले कोल्हापूरकडचे शिक्षणतज्ज्ञ.

आणि त्याच १९७४ साली मुंबईत एसएनडीटीमध्ये नीरा देसाईंनी स्त्री अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू केलं, देशातलं पहिलं. महर्षी कर्व्यांनी १९१६ ला बायकांसाठी विद्यापीठ काढलं, त्या विद्यापीठात बायकांबद्दल अभ्यास सुरू व्हायला अठ्ठावन्न वर्षं लागली, हे मला नेहमी विचित्र वाटतं, म्हणजे बाई वर्गात बसली पण पुस्तकात नव्हती. १९८१ ला तिथेच पहिली राष्ट्रीय परिषद झाली, पुढच्या वर्षी इंडियन असोसिएशन फॉर विमेन्स स्टडीज निघाली, १९८६ च्या शैक्षणिक धोरणात स्त्री अभ्यासाला जागा मिळाली, मग यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, केंद्रांना पैसे द्यायला सुरुवात केली, पुणे विद्यापीठातलं केंद्र १९८७ चं. एवढा इतिहास पुरे.

कायद्याकडे या. मथुरा प्रकरण मराठी माणसाला सांगायला नको, पण आता वीस वर्षांच्या पोरापोरींना खरंच माहीत नसतं. १९७२, देसाईगंज, तेव्हाचा चंद्रपूर जिल्हा, आदिवासी मुलगी, पोलीस स्टेशनमध्येच पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप. सेशन्स कोर्टाने सोडलं, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, १९७८ ला सुप्रीम कोर्टाने परत सोडलं, का तर अंगावर जखमा नाहीत म्हणजे तिने विरोध केला नसणार. १९७९ ला चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं: उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि आपल्या पुण्याच्या वसुधा धागमवार. चौघंही कायदा शिकवणारे. त्यांनी घोषणा नाही दिल्या, त्यांनी निकालातला तर्क उलगडून दाखवला, की बाबा शरण जाणं आणि संमती देणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पोलीस स्टेशनात रात्री दोन पोलिसांसमोर एक गरीब पोरगी ओरडली नाही ह्याचा अर्थ तिला चाललं असा होत नाही. मग देशभर मोर्चे निघाले, बायकांच्या संघटना उभ्या राहिल्या, आणि १९८३ ला कायदा बदलला, कोठडीतल्या बलात्कारात संमतीचा मुद्दा कसा बघायचा ते पुराव्याच्या कायद्यात आलं. 'स्त्री अभ्यास म्हणजे नुसती चळवळ, त्यात विद्या कुठेय' असं म्हणणाऱ्यांनी ते पत्र वाचावं. लॉ कॉलेजच्या आतूनच आलेलं ते काम आहे आणि बाहेरचे मोर्चे नसते तर ते पत्र फाइलला लागलं असतं, हेही तितकंच खरं.

मेडिकलची गोष्ट तर आपल्याच गडचिरोलीची. राणी आणि अभय बंग ह्यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या आणि १९८९ ला लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात शोधनिबंध आला. ९२ टक्के बायकांना कसला ना कसला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तरी तशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तोपर्यंत आरोग्य खात्याच्या लेखी गावातली बाई म्हणजे बाळंतपण आणि कुटुंब नियोजन, बाकी तिला शरीर आहे हे गृहीतच धरलेलं नाही. ह्यासाठी नवीन मशीन लागलं नाही, नवीन औषध लागलं नाही, फक्त तोवर कोणी न विचारलेला प्रश्न विचारावा लागला आणि बायका मोकळेपणाने बोलतील अशी डॉक्टर बाई लागली. राणीताई नसत्या तर तपासायला आल्या असत्या का बायका, ह्याचा विचार करा जरा.

मेडिकलमध्येच अजून एक गोष्ट झालीये ती कॉलेजवाल्यांनी नीट बघण्यासारखी आहे. मुंबईच्या सेहत संस्थेने वैद्यकीय शिक्षण खातं आणि नाशिकचं आरोग्य विद्यापीठ ह्यांच्यासोबत एमबीबीएसच्या चालू विषयांतच जेंडर कसं बसवायचं ह्याचं काम केलं, वेगळा पेपर न काढता. स्त्रीरोग, कम्युनिटी मेडिसिन, फॉरेन्सिक, मानसोपचार, मेडिसिन, ह्या पाच विषयांच्या लेक्चरमध्येच. म्हणजे होतं हे, अशक्य बिलकुल नाही. सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकरांनी फॉरेन्सिकमधल्या कौमार्य तपासणीच्या मागे लागून सांगितलं की ह्याला शास्त्रीय आधार नाही, आणि २०१९ ला नाशिकच्या विद्यापीठाने तो भाग सिलॅबसमधून काढायचं ठरवलं. आणि मग २०२४ च्या ऑगस्टअखेरीस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा नवीन अभ्यासक्रम आला तर त्यात कौमार्य, योनिपटल, समलिंगी संबंध म्हणजे अनैसर्गिक गुन्हा, सगळं जुनं सामान परत! ओरड झाली, काही दिवसांत मागे घ्यावं लागलं. मला ह्यातून एवढंच दिसतं की सिलॅबसमधली एक ओळ ही बारकी गोष्ट नाही, ती ओळ पाठ करून पोरगा डॉक्टर होतो आणि कोर्टात साक्ष द्यायला उभा राहतो, आणि लक्ष ठेवणारं कोणी नसेल तर काढलेली ओळ गुपचूप परत येते.

आता बीडकडे येते, कारण एक विभाग कुठे कमी पडतो ते बीडइतकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

२०१९ ला बातम्या आल्या की बीडच्या ऊसतोड बायकांनी मोठ्या संख्येने गर्भाशयं काढून टाकलीत. नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली, जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. साधारण सहात एक. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हेच प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरात तीनच्या आसपास आहे. वयाचा फरक वगैरे धरला तरी हे अंतर समजावून सांगता येत नाही.

पहिली प्रतिक्रिया काय, तर डॉक्टर लुटारू. खरंय, काही खाजगी दवाखान्यांनी 'काढून टाका नाहीतर कॅन्सर होईल' अशी भीती घालून पैसे केले, म्हणून तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय हे ऑपरेशन करायचं नाही असा नियम तिथे करावा लागला. पण नुसता मेडिकलचा चष्मा लावला तर गोष्ट इथेच संपते, परवानगीचा एक कागद वाढवला, झालं. बाई तिशीत स्वतःहून तयार का होते हे त्यात कुठे येतच नाही. त्यासाठी कामाचा हिशोब बघावा लागतो. ऊसतोडीत मजूर एकेकटा धरत नाहीत, नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्या जोडीला मिळते, हंगामाच्या आधी, मुकादमाकडून, आणि बहुतेक वेळा पैसे नवऱ्याच्या हातात पडतात. मग कारखान्याला जाऊन ते पैसे फेडायचे. एकाने खाडा केला तर दंड जोडीला, दिवसाची मजुरी बुडते ती वेगळी. पाळी आली, अंगावरून जातंय, पोटात दुखतंय, तरी पहाटे उठून फडात जायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढायच्या, आणि राहायचं कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, जिथे ना पाणी ना संडास ना कपडा बदलायला आडोसा. अशा ठिकाणी सारखं इन्फेक्शन नाही होणार तर काय होणार. कर्ज काढून केलेलं ऑपरेशनसुद्धा त्या बाईच्या हिशोबात खाड्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि मग ते कर्ज फेडायला परत पुढच्या हंगामाची उचल.

बघा आता, ह्या एका प्रश्नात किती विभाग आले. मजुरीची पद्धत अर्थशास्त्राची. मुकादम आणि मजुरात लेखी करार नाही, कारखाना म्हणतो हे आमचे कामगारच नाहीत, हा लॉचा. कोपीत पाणी संडास नाही हा सिव्हिलचा आणि सार्वजनिक आरोग्याचा. बीडमधूनच माणसं का जातात, हा भूगोल, पाणी आणि शेतीचा, आणि जिथे उसाला पाणी मिळतं तिथे मजूर दुष्काळी भागातून आणायचा हे राजकारणाचं. कोयता पूर्ण व्हायला जोडी लागते म्हणून पोरींची लग्नं लवकर लावतात, मग पोरं लवकर, दोन तीन पोरं झाली की नसबंदी, मग तिशीत 'आता पिशवीचं काम काय उरलं', हे समाजशास्त्र. आणि शेवटच्या टोकाला सर्जन. प्रत्येक विभाग आपापला तुकडा घेऊन बसला तर प्रत्येकाचा तुकडा बरोबर असतो आणि बाई कोणालाच दिसत नाही. हे तुकडे जोडायचं काम ज्यांनी केलं ते बहुतेक पत्रकार, संघटनांच्या कार्यकर्त्या आणि स्त्री अभ्यासाशी जोडलेले लोक आहेत. ह्या बायकांचं आयुष्य ज्या साखरेवर उभं आहे त्या साखरेवर आपल्याकडे केवढे कोर्सेस, केवढ्या संस्था, केवढ्या पीएचड्या. उसाचा उतारा किती टक्के ह्यावर संशोधन होतं, तोडणाऱ्या बाईच्या कमरेवर होत नाही.

बरं होतच नाही असंही म्हणता येत नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञानवाल्यांनी शेतकरी बायकांचे कष्ट मोजायचं, खुरपणी कापणीला कमी वाकावं लागेल अशी अवजारं तपासायचं काम वर्षानुवर्षं केलंय, नाडीचे ठोके मोजून, वाकण्याचे कोन मोजून, अगदी शास्त्रीय. पण ते गृहविज्ञान! पोरींचा विषय, स्वयंपाक-शिवणाचा विषय, असं म्हणून अवजारं बनवणाऱ्या इंजिनिअरिंगने तिकडे ढुंकून पाहिलं नाही. खोली वेगळी केली की काय होतं त्याचं हे आपल्याच घरातलं उदाहरण.

आता एक गोष्ट स्त्री अभ्यासवाल्यांनाही ऐकवायला हवी, आणि ती त्यांच्यातल्याच शर्मिला रेगेंनी ऐकवलेली आहे. सगळ्या बायका एकसारख्या नसतात. पुणे विद्यापीठाच्या केंद्रात त्या होत्या, २०१३ ला फार लवकर गेल्या. त्यांचं म्हणणं असं की ह्या अभ्यासातली 'स्त्री' बराच काळ न सांगता सवर्ण, शहरी, मध्यमवर्गीयच होती, आणि दलित बायकांनी मराठीत आत्मकथनांतून जे लिहिलं, बेबीताई कांबळे, शांताबाई कांबळे, कुमुद पावडे, ऊर्मिला पवार, ते विद्यापीठाने साहित्य म्हणून कौतुकाने वाचलं आणि ज्ञान म्हणून बाजूला ठेवलं. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचा इतिहास १९८९ मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या बायकांना शोधून, बोलतं करून लिहिला, 'आम्हीही इतिहास घडवला', तो काही कुठल्या इतिहास विभागाच्या प्रोजेक्टमधून आला नाही. ऊसतोडीतल्या बायकासुद्धा कोणत्या जातींतल्या, कोणत्या भटक्या समाजातल्या जास्त आहेत हे न विचारता नुसतं 'स्त्रियांचं आरोग्य' म्हणून लिहिलेला शोधनिबंध अर्धाच. आणि ही परंपरा आपल्याकडे बाहेरून आलेली नाही, १८५५ ला पुण्यात फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे मांग-महारांच्या दुःखावर लिहिते तेव्हा जात आणि बाई दोन्ही एकाच निबंधात आहेत, १८८२ ला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे स्त्री-पुरुष तुलना करतात. ज्यांना हे वेस्टर्न फॅड वाटतं त्यांनी तारखा बघाव्यात, तेव्हा पश्चिमेतल्या कुठल्याही विद्यापीठात असा विभाग नव्हता.

मग आज केंद्रांची अवस्था काय? यूजीसीच्या योजनेतून देशात दीडशेच्या वर केंद्रं उभी राहिली, पण पैसे पंचवार्षिक योजनेला बांधलेले, त्यामुळे मार्च २०१७ ला बारावी योजना संपली तसं सगळ्यांच्या डोक्यावर प्रश्नचिन्ह, पगार येणार का, केंद्र राहणार का. ज्याची नोकरी दरवर्षी रिन्यू होते तो माणूस दहा वर्षं चालणारं संशोधन कशाच्या जिवावर हातात घेईल? कॉलेजांत तर अजून मजा. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात संस्थेने लिंगसमानतेसाठी काय केलं असं विचारलेलं आहे, झालं, मग ८ मार्चला रांगोळी, एक भाषण, हिमोग्लोबिन तपासणी, बॅनरसमोर सगळ्यांचा जिओटॅग फोटो, रिपोर्ट तयार. आणि हे सगळं करायला मराठीच्या नाहीतर समाजशास्त्राच्या मॅडम, बऱ्याचदा सीएचबीवरच्या, तासाच्या पैशावर. वर्गात पोरी किती आहेत बघा, देशातल्या उच्च शिक्षणात २०२१-२२ ला ४ कोटी ३३ लाखांपैकी २ कोटी ७ लाख मुली होत्या, जवळपास निम्म्या. त्या निम्म्यांच्या आयुष्यावर सिलॅबसमध्ये काय आहे, तर रांगोळी.

ह्यावर नेहमी येणारे आक्षेप मला पाठ आहेत. 'ह्याने नोकरी काय लागणार' हा सगळ्यात मोठा, आणि तो चुकीचा प्रश्न नाहीये, गावाकडून कर्ज काढून आलेल्या पोराने तो विचारायलाच पाहिजे. म्हणूनच तर मी वेगळ्या डिग्रीपेक्षा चालू डिग्रीत आणा म्हणतेय. सर्वे नीट करता येणं, बाईला वेगळं गाठून प्रश्न विचारता येणं, डेटा वाचता येणं हे कुठल्याही संस्थेत, बँकेत, जिल्हा परिषदेत लागतं. दुसरा आक्षेप, हे एकतर्फी आहे, निःपक्ष नाही. मग ९२ नंबरचा कोड निःपक्ष आहे का? तोही कोणीतरी बसून ठरवलेलाच आहे, फक्त त्याच्यावर कोणाची सही दिसत नाही म्हणून तो शास्त्रीय वाटतो.

आणि तिसरा, 'पुरुषांचं काय मॅडम'. मागच्या बेंचवरून येतो हा, हसत हसत. त्याला मी सिरियसली उत्तर देते. २०२२ च्या डिसेंबरमध्ये सोलापुरात लग्नाची पोरं बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर ऑफिसवर मोर्चा घेऊन गेली होती, आम्हाला मुली मिळत नाहीत म्हणून. टीव्हीवर सगळ्यांनी मजा घेतली. पण त्या पोरांचा प्रश्न खरा आहे आणि तो समजून घ्यायला परत इथेच यावं लागतं. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण २००१ ला हजार मुलांमागे ९१३ होतं, २०११ ला ८९४. गर्भलिंग तपासणीवर देशात सगळ्यात आधी, १९८८ ला कायदा आपल्या राज्याने केला, तोही बायकांच्या संघटना, डॉक्टर, शास्त्रज्ञ, वकील एकत्र आले म्हणून, तरीही हे आकडे. त्यात शेतीत पैसा नाही, पोरी शिकल्या, शेतकरी नवरा नको म्हणतात, आणि का म्हणू नये, सातबाऱ्यावर तिचं नाव कुठे असतं. शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीत बायकोच्या नावाने जमीन करा म्हणून गावंच्या गावं उठवली होती, तेव्हा शेतकरी पुरुषांनीच ते केलं होतं. म्हणजे घोड्यावर बसलेल्या त्या नवरदेवाचा प्रश्न, जमिनीचा कायदा, सोनोग्राफी मशीन आणि शेतमालाचा भाव हे सगळं एकाच पेपरात बसतं. हा पोरांचाही अभ्यास आहे.

आता करायचं काय. नवीन शैक्षणिक धोरणात मल्टिडिसिप्लिनरी मल्टिडिसिप्लिनरी असा नुसता जप चाललाय, क्रेडिटांचे डबे पाडलेत, आणि मला भीती अशी वाटते की हा विषय कुठल्यातरी दोन क्रेडिटच्या मूल्यशिक्षण टाइप डब्यात टाकतील, 'स्त्रियांचा आदर करा' छापाचे पाच धडे, ऑब्जेक्टिव्ह परीक्षा, सगळे पास. त्यापेक्षा नसलेला बरा. मुख्य पेपरात एक युनिट द्या, पंधरा मार्कांचं, पण सक्तीचं. मॅक्रोत टाइम यूज सर्वे आणि रोजगाराच्या व्याख्या. २०१७-१८ ला २३ टक्के असलेला बायकांचा श्रमसहभाग २०२३-२४ ला ४१ टक्क्यांच्या पुढे गेला तो खरंच नोकऱ्या वाढल्यामुळे, का घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या जास्त मोजल्या गेल्या म्हणून, ह्यावर पोरांना भांडू द्या वर्गात. लॉला साक्षीपुराव्यात मथुरा निकाल आणि ते पत्र शेजारी शेजारी ठेवून. शेतकीला सातबारा आणि अवजारं. आणि हे युनिट लिहायला, शिक्षकांना रिफ्रेशरमध्ये शिकवायला, मराठीतून वाचायला साहित्य तयार करायला प्रत्येक विद्यापीठात केंद्र पाहिजेच, मंजूर पदांसकट. कारण 'आता सगळीकडे शिकवतोच ना' म्हणत केंद्र बंद केलं की दोन वर्षांत ते सगळीकडचंही बंद होणार, एमबीबीएसच्या अभ्यासक्रमाचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

इंजिनिअरिंगचे एक सर मला म्हणाले की बाकी ठीक आहे हो, पण सिव्हिलमध्ये हे कुठे बसवणार, काँक्रीटला काय जेंडर असतं का. काँक्रीटला नसतं. पण एसटी स्टँडवर पुरुषांच्या आणि बायकांच्या मुतारीला ड्रॉइंगमध्ये सारखीच जागा दिली की बायकांकडे सीट कमी बसतात, बायकांना वेळ जास्त लागतो, कडेवर लेकरू असतं, पाळी असते, साडी सावरायची असते, म्हणून रांग तिकडेच लागते. मुंबईत राइट टू पी वाल्या बायकांनी २०११ पासून हेच मांडलं, की पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे का घेता, आणि मुळात बायकांसाठी इतक्या कमी का. किती माणसांमागे किती सीट, पाणी किती, दरवाजा कुठल्या बाजूला, उजेड किती, हे ठरवणारा इंजिनिअर तुमच्याच वर्गात बसलाय सर, त्याला ह्याच्यावर डिझाइनचा एक प्रश्न टाका.